आनसाक्काची बिनचाकाची गाडी

आमच्या शेजारी सहा कुत्री होती आणि त्यांतलं एकही भुंकत नसे. ती गात. उन्हाळ्याच्या दुपारी आइस्क्रीमची व्हॅन गाणं वाजवत आमच्या गल्लीत वळली की आधी सर्जा मान वर करून एक लांब, खोल सूर लावायचा. मग बाकीची पाच एकेक करून मागून यायची. व्हॅनवाल्याला वाटायचं, आपल्या गाण्यावर इतकं प्रेम करणारी गल्ली अख्ख्या मिल्टन कीन्समध्ये दुसरी नाही. तो मुद्दाम आमच्या कोपऱ्यावर जास्त वेळ थांबायचा. शेवटी आनसाक्का मागच्या दारातून बाहेर येऊन कमरेवर हात ठेवायची.

"झालं का भजन? आता आरती घ्या आन् गप बसा."

आणि ती खरंच गप बसायची. आइस्क्रीमवाला हिरमुसून निघून जायचा.

आक्का बुटकी आणि रुंद होती. चालताना दोन्ही हात अंगापासून जरा लांब धरायची, जणू दोन्हीकडे भरलेल्या कळशा आहेत. ती एका शाळेच्या किचनमध्ये कामाला होती, पोरांना दुपारचं जेवण वाढायची. तिथे घालायचा ओव्हरऑल ती घरी आल्या आल्या काढून टाकायची आणि नऊवारी नेसायची. कासोट्याखाली गुडघ्यापर्यंत रबरी बूट, वरून यजमानांचा बसडेपोतला जुना कोट, डोक्यावर लोकरीची टोपी आणि टोपीच्या काठाखाली रुपयाएवढं कुंकू. या वेषात ती काळोख फिटायच्या आधी कुत्री घेऊन निघाली की दूधवाला आपली गाडी बाजूला घ्यायचा.

मी लग्न होऊन इंग्लंडात नवीन आले तेव्हा दाराची बेल वाजली तरी दार उघडत नसे. माणसांची मला पहिल्यापासून भीती. माझं शिक्षण चौथीपर्यंतचं, त्यात इंग्रजीचा एक शब्द येत नव्हता. आक्का मात्र बेल वाजवून आलीच नाही. दोन घरांमधल्या लाकडी कुंपणाची एक फळी सैल होती, तिच्यातून आली, सर्जाच्या मागोमाग. सर्जा तोवर माझ्या ओट्याला पुढचे पाय लावून उभा होता आणि नुकतं काढलेलं लोणी खात होता. लांडग्यासारखं तोंड, एक डोळा निळा आणि एक तपकिरी. मी भिंतीला चिकटून उभी होते.

"अगं बाई, संपवलं की समदं," आक्का म्हणाली. म्हणाली ती माझ्याकडे बघून, जशी काही मीच खाल्लं. "कुठली गं तू?"

"जुन्नरकडची. तुम्ही बसा ना, अहो..."

"अहो-जाहो करायला मी काय तुझी सासू हाय? आक्का म्हण. लोणी आमच्याकडनं घेऊन ये. आन् त्या फळीला खिळा मारू नको, आता यायला-जायला बरी पडंल."

त्या फळीला आम्ही कधीच खिळा मारला नाही. आता त्या घरात दुसरी माणसं राहतात. त्यांनी पहिल्याच आठवड्यात ती पक्की करून टाकली.

सर्जा तिच्याकडे आला तो सोफ्यामुळे. तिच्या शाळेतल्या एका मास्तरीणबाईंनी ते निळ्या डोळ्यांचं पिल्लू हौसेने आणलं होतं. सहा महिन्यांत त्याने त्यांचा सोफा खाल्ला, मग गालिचा खाल्ला, मग दाराची चौकट खायला घेतली. बाई रडकुंडीला आल्या. आक्का म्हणाली, मला द्या. भाऊजी, म्हणजे आक्काचे यजमान, बस चालवायचे. ते फार कमी बोलत आणि बोलले की टीव्हीकडे बघून बोलत. त्या दिवशी ते टीव्हीला म्हणाले, "आपला सोफा असाही जुनाच आहे."

फिरायला नेलं की सर्जा आक्काला ओढत न्यायचा. लोक सांगायचे, याला क्लासला घाला, ओढायची सवय मोडेल. आक्काला हे पटेना. "ह्याच्या खांद्यात वढ हाय," ती म्हणायची. "वढ असलेलं जनावर रिकामं ठिवलं तर ते घर खाणारच. त्याला काम द्या." आणि तिने त्याला काम दिलं. भाऊजींच्या दोन जुन्या पट्ट्यांचं जुंपण तयार केलं आणि सर्जाला सुपरमार्केटच्या ट्रॉलीला बांधलं.

आमच्या गावात सायकली आणि चालणाऱ्या माणसांसाठी वेगळे लाल रस्ते आहेत. त्या लाल रस्त्यावरून आक्काची स्वारी येताना मी खिडकीतून पाहिली. पुढे सर्जा, मागे ट्रॉलीत कणकेचं पोतं, बटाटे आणि दोन फ्लॉवर, आणि त्याच्यामागे दांडा धरून धावणारी आक्का. तिच्या बाजूने सायकलवर एक पोलीस. घरापाशी गाडी थांबल्यावर तो दम खात म्हणाला, "मॅडम, ही ट्रॉली दुकानाची आहे."

"आय नो," आक्का म्हणाली. "आय नॉट कीप. ही टेक बॅक." आणि तिने सर्जाकडे बोट केलं.

सामान उतरवून रिकामी ट्रॉली सर्जाने खरंच परत नेली. पोलीस सोबत चालत गेला.

ही वरात पाहिली ब्रायनने. ब्रायन लॉरी चालवायचा, दाढी छातीपर्यंत, आणि त्याच्याकडे अशीच चार कुत्री होती. त्याने आक्काला गाठून सांगितलं की ह्या बर्फाळ मुलखातल्या जातीची कुत्री पाळणारे लोक क्लब करून शर्यती लावतात. इथे बर्फ नसतं म्हणून तीन चाकांच्या लोखंडी गाडीला कुत्री जुंपतात आणि जंगलातल्या वाटांवर पळवतात. बर्फ असलं तर खरी गाडी, बिनचाकाची.

"शर्यत?" आक्का म्हणाली. "गाडीची? आन् बायका हाकतात?"

"माझी बायको माझ्यापेक्षा चांगली हाकते," ब्रायन म्हणाला.

आक्का तिथेच फुटपाथच्या कडेवर बसली. असं तिने मला स्वतः सांगितलं, नाहीतर आक्का मध्येच बसणारी बाई नव्हे.

तिच्या वडलांची शर्यतीची बैलजोडी होती, कोल्हापूरकडे. वैरण घालायची आक्काने, धुवायचं आक्काने, शिंगं तासायला धरायची आक्काने. गाडीत मात्र भाऊ. पोरीने गाडीत पाय ठेवला की बैल बिचकतात म्हणे. "बैल कवा बिचकलं न्हाईत," आक्का म्हणायची. "बिचकायचा तो माझा बाप."

मग एकाची दोन कुत्री झाली, दोनाची चार, चारांची सहा. सगळी कुणाचा ना कुणाचा सोफा खाऊन आलेली. नावं सगळी बैलांची. एक कुत्री होती, तिचं नाव गुणी. भाऊजी टीव्हीला म्हणाले, "मी लग्न एकीशी केलं. वऱ्हाड अजून येतंच आहे."

या कुत्र्यांना उन्हाळा सोसत नाही. गरम हवेत पळवली तर जीव जातो. म्हणून तालीम सुरू व्हायची सप्टेंबरात, तीही पहाटे. क्लबातली बाकीची माणसं थर्मामीटर बघत. आक्का मागच्या पायरीवर अनवाणी उभी राहायची. तळपाय गारठला तर गाडी जुंपायची, नाही गारठला तर सगळ्यांनी परत झोपायचं. आधी थोडंसं अंतर, मग दर आठवड्याला जरा जास्त, असं करत करत थंडी पडेपर्यंत त्यांचा दम वाढवत न्यायचा. घाई केलेली तिला खपत नसे. "दम उसना मिळत न्हाई," ती म्हणायची.

या गाडीला कासरा नसतो, वेसण नसते, चाबूक तर नाहीच. कुत्र्यांना नुसत्या तोंडाने हाकायचं. आक्का म्हणायची, हे काम देवाने मला डोळ्यासमोर ठेवूनच काढलंय. क्लबातल्या लोकांचे ठरलेले इंग्रजी शब्द होते. आक्काने आपल्या वडलांचे वापरले. डावीकडे वळायचं तर "आत", उजवीकडे "भाईर", थांबायचं तर लांबलचक "होऽऽ". वाटेत ससा, सायकलवाला किंवा दुसऱ्याची गाडी आली तर "बघू नको, चल". हा शेवटचा शब्द मला फार आवडायचा. अजूनही दुकानात कुणी माझ्याकडे रोखून बघितलं की मी मनातल्या मनात म्हणते, बघू नको, चल.

मी त्या गाडीत कशी गेले ते सांगायला हवं. रिकामी गाडी हलकी पडते आणि सहा कुत्री तिला उधळून लावतात, म्हणून वजन लागतं. आक्काने पहिल्यांदा बटाट्याचं पोतं ठेवलं. पहिल्या वळणावर पोतं फुटलं आणि बटाटे जंगलभर झाले. कुत्री शर्यत विसरून बटाटे गोळा करायला लागली. दुसऱ्या दिवशी पहाटे फळी सरकली.

"मंदे, तू बस."

"मी? आक्का, मला भीती वाटते."

"बटाट्याला पण वाटत आसंल. ते बोललं का? बस."

जुंपताना ती कुत्री जी काही किंचाळायची ती ऐकून वाटावं, इथे कुणाचा तरी जीव जातोय. उड्या मारायची, दोर चावायची, एकमेकांच्या अंगावर चढायची. मग आक्का मागच्या पायट्यावर चढून जीभ टाळ्याला लावून एक आवाज काढायची, आणि गाडी सुटली की सगळं एकदम चिडीचूप. नुसता पायांचा आवाज आणि चाकांचा. त्या शांततेत मी एकटी ओरडत होते. "आक्का, थांबव! आई गं! आक्का!" त्याआधी मला इतक्या मोठ्याने बोलताना माझ्या घरच्यांनीही ऐकलं नव्हतं. परत आल्यावर आक्का ब्रायनला म्हणाली, "पटेटो नो टॉक. शी टॉक. बट शी नॉट फॉल." त्या दिवसापासून मी गाडीचं वजन झाले. आमच्या ह्यांनी विचारलं की रोज पहाटे कुठे जातेस, तर मी सांगायचे, बसायला.

आता पोळ्याचं. आक्काकडे कोल्हापूरहून दरवर्षी कॅलेंडर यायचं, त्यावर ती पिठोरी अमावस्येला आधीच खूण करून ठेवायची. वर्षभर जे ओढतात त्यांचा सण कसा चुकवायचा? आदल्या दिवशी खांदेमळणी. बैलांच्या खांद्यांना तूप-हळद चोळतात, तशी तिने सहाही कुत्र्यांच्या खांद्यांना पट्ट्याखालच्या जागी चोळली, आणि एकेकाच्या कानात सांगितलं, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." दुसऱ्या दिवशी गळ्यात गोंडे, डोक्याला कागदी बाशिंगं. सर्जाने स्वतःचं बाशिंग खाल्लं आणि मग गुणीचं. नंतर नैवेद्याची पुरणपोळी, प्रत्येकाला दोन दोन, तुपात भिजवून. मी वाढायला होते. फार थाटाचा पोळा झाला.

दोन दिवसांनी रविवारी क्लबात सीझन सुरू व्हायच्या आधीची तपासणी होती. जनावरांची डॉक्टरीण आली होती, तरुण, गंभीर पोरगी. तिने गुणीची पापणी उलटून पाहिली. मग हिरड्या पाहिल्या. मग पुढच्या कुत्र्याच्या. पांढऱ्याशुभ्र केसांवर हळद किती पक्की बसते ते पोळा करताना आमच्या दोघींच्याही डोक्यात आलं नव्हतं. सहाही कुत्री मानेपासून छातीपर्यंत पिवळीधमक. डॉक्टरीण ब्रायनच्या कानात काहीतरी म्हणाली आणि बघता बघता सगळ्यांनी आपापली कुत्री मागे ओढली. आमच्याभोवती मैदान रिकामं झालं. आक्काला वाटलं, मानाने जागा देताहेत. ती जरा ताठ उभी राहिली.

"ही कधीपासून पिवळी आहेत?" डॉक्टरणीने विचारलं.

"सिन्स थर्सडे. आय डू. विथ हँड."

"तुम्ही केलंत? पण का?"

"ऑल इयर दे पुल. सो वन डे, होलिडे फॉर शोल्डर."

डॉक्टरीण खाली वाकली, तिने सर्जाच्या खांद्याचा वास घेतला, मग बोटाने चोळून बोट पाहिलं. तेवढ्यात सर्जाने तिचा कान चाटला. ती जी हसायला लागली ती गवतावर बसलीच. कावीळ नाही हे सगळ्यांना ओरडून सांगायची पाळी ब्रायनवर आली.

पण पुरणपोळी अजून पोटात होती. त्या दिवशीच्या पळण्यात आमची गाडी दर झाडापाशी थांबली. एक थांबायचा, त्याचं होईपर्यंत दुसऱ्याला आठवायचं. आम्ही परत आलो तेव्हा बाकीचे चहा पिऊन भांडी आवरत होते. "मानाची गाडी शेवटीच येती," आक्काने सगळ्यांना सांगितलं. डॉक्टरणीने पुरणात काय काय असतं ते विचारून घेतलं आणि कुत्र्यांना यापुढे गोड द्यायचं नाही, अशी ताकीद दिली. त्यानंतर आक्का पोळ्याला खिम्याच्या पोळ्या करायची.

पुढच्या वर्षी पोळ्याच्या आदल्या दिवशी ब्रायन दारात उभा. मागे चार कुत्री, हातात लोण्याचा पुडा.

"ॲना," तो म्हणाला. तो तिला ॲना म्हणायचा. "माझ्या चौघांना मिळेल का ती खांद्याची सुट्टी?"

आक्काच्या पुढच्या खोलीत भिंतीवर लोक देवाचे फोटो लावतात तिथे बिनचाकाची गाडी टांगलेली होती. ब्रायनच्या ओळखीने जुनी मिळाली होती. राखाडी लाकडाची, चामड्याच्या वाद्यांनी बांधलेली, खाली दोन लांब पट्ट्या पुढे वर वळलेल्या, मध्ये बसायला पाळण्यासारखी जागा. टांगली अशासाठी की खाली ठेवली तर कुत्री चामडं खातील. तिच्याखालीच रेडिएटर होता, त्यामुळे थंडीत भाऊजींचे मोजे आणि बनियनं तिच्यावर वाळायची. उन्हाळ्यात कुरडया.

ती गाडी सर्जासाठी होती. पहिल्यापासून सर्जाच पुढे पळायचा. पुढच्या कुत्र्याला नुसता जोर असून चालत नाही, कान लागतो. आक्काचं बोलणं तोंडातून निघायच्या आधी त्याला कळायचं. तिला एकच हौस होती, सर्जाला पुढे जुंपून ती गाडी खऱ्या बर्फावर पळवायची. दर जानेवारीत स्कॉटलंडच्या डोंगरात क्लबांची मोठी शर्यत व्हायची. भाऊजी रजा काढून व्हॅन चालवायचे, टपावर बिनचाकाची गाडी बांधलेली. पहिल्या वर्षी गेलो तर धुकं. दुसऱ्या वर्षी पाऊस. मग चिखल. दरवेळी चाकाच्याच गाडीवर शर्यत आणि दरवेळी तिथलं कुणीतरी सांगणार, गेल्या आठवड्यात यायला हवं होतं, गुडघाभर होतं!

"बर्फ म्हंजे कौन्सिलचा माणूस हाय," आक्का म्हणायची. "काल येऊन गेल्याला असतोय, न्हाईतर उद्या येणार असतोय."

शर्यतीत तिचा नंबर कायम शेवटून दुसरा किंवा तिसरा यायचा. त्याचं तिला काही वाटत नसे.

सर्जाच्या नवव्या वर्षी डॉक्टरणीने त्याचे मागचे पाय दाबून पाहिले आणि मान हलवली. आता याला ओढायला लावू नका. घरात राहू दे, हळूहळू फिरवा. घरी आल्यावर चपात्या लाटता लाटता आक्का मला म्हणाली, "माझ्या बापाचा पण सर्जाच हुता. म्हातारा झाला तसा बाजाराला घालवला. मी शाळंतनं आले तर गोठ्यात नुसतं दावं." तिने चपाती तव्यावर टाकली. "हा कुटं जात न्हाई. हितंच ऱ्हाईल. पन त्याचं बर्फ ऱ्हायलं की गं मंदे."

त्या जानेवारीत स्कॉटलंडला ती गुणीला पुढे जुंपून पळाली. पाऊस होताच. सर्जाला व्हॅनमध्ये ठेवला होता. त्याचं ओरडणं शर्यतीच्या मैदानभर ऐकू येत होतं आणि व्हॅन डोलत होती. आत भाऊजी त्याला धरून बसले होते. आक्काची गाडी त्या दिवशी चौथी आली. ब्रायनने तिला उचलून घेतलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी वाट बघत होते की आता आक्का काहीतरी बोलेल, काहीतरी खास तिचं. ती व्हॅनमध्ये जाऊन बसली. परतीच्या अख्ख्या वाटेवर भाऊजीच बोलत होते, तेही रेडिओशी.

घरी आल्यावर गाडी पुन्हा भिंतीवर गेली, मोजे गाडीवर गेले. पहाटे खुंटीवरून पट्टे काढल्याचा आवाज आला की पूर्वी सर्जा सगळ्यांत आधी दारात उभा असायचा. आता तो उठायचा आणि भिंतीकडे तोंड करून बसायचा. आक्का त्याच्या पाठीला हात लावून बाहेर पडायची. त्या दिवसांत ती कुत्र्यांशी फार बोलत नसे. मी गाडीत बसून वाट बघायचे की ती मला तरी काहीतरी टोचून बोलेल.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी मला जाग आली ती शांततेने. दूधवाला नाही, गाड्यांचा आवाज नाही. पडदा सारला तर कुंपण अर्धं बुडालेलं. आमचे हे रेडिओ ऐकत होते. शाळा बंद, बस बंद, गाड्या बंद. तेवढ्यात कुंपणाच्या वर लोकरीची टोपी दिसली. बर्फाने फळी सरकत नव्हती, म्हणून आक्का बादली उपडी घालून तिच्यावर चढली होती.

"मंदे! ऊठ! आलाय!"

"कोण आलाय?"

"बर्फ गं! आपन त्याला स्कॉटलंडला हुडकतोय आन् हा दारात बसलाय!"

"अशा हवेत कुणी बाहेर पडतं का?" हे म्हणाले. मी बूट घालत होते.

पुढच्या खोलीत भाऊजी खुर्चीवर चढून गाडीवरचे मोजे काढत होते. टीव्ही बंद होता. "बनियन राहू दे," ते गाडीकडे बघून म्हणाले. "झेंडा होईल." आक्का सर्जाजवळ जमिनीवर बसली होती. तिने वाटीत तूप-हळद कोमट करून आणली होती आणि ती त्याचे खांदे चोळत होती, सावकाश, जशी घाई कसलीच नाही. तो भिंतीकडे बघत होता. मग ती त्याच्या कानाशी वाकली.

"आवतण घ्या. आज आवतण, आन् आजच यायचं."

सर्जाने मान वळवली.

"आक्का, डॉक्टरीण म्हणाली होती..." मी म्हणाले.

"वढायला बाकीची पाच हायेत. ह्यानं नुसतं म्होरं चालायचं. पायानं न्हाई म्हनला की थांबू." मग जरा थांबून म्हणाली, "एकदा बघू दे की गं त्याला."

सर्जाला गुणीच्या जोडीला पुढे उभा केला, त्याचा दोर सैल ठेवून. त्याने पुढचा पाय बर्फात घातला, काढला, पायाकडे पाहिलं. मग तोंड घालून एक घास बर्फ खाल्लं. पहिल्यांदा मला वाटलं, हा आता बसणार. पण मागच्यांनी किंचाळायला सुरुवात केली आणि त्याने मान वर करून असा आवाज काढला की समोरच्या घरांच्या खिडक्यांतले पडदे हलले. मी पाळण्यात बसले. आक्काने जीभ टाळ्याला लावली.

चाकांच्या गाडीत निदान चाकांचा आवाज तरी यायचा. इथे तोही नव्हता. लाल रस्ता कुठे आहे ते कळत नव्हतं, सगळंच पांढरं, पण सर्जाला कळत होतं. "आत," आक्का म्हणाली, तो आत वळला. "भाईर," ती म्हणाली, तो बाहेर वळला. मी ओरडले नाही. मागे आक्काही काही ओरडत नव्हती, नुसते हे दोन शब्द, तेही हळू, जशी काही ती त्याच्या शेजारी चालतेय. नेहमी गाड्यांनी भरलेला मोठा रस्ता आम्ही मधोमध धरला. खिडक्यांतून माणसं हात हलवत होती. हँडलला भाऊजींचं बनियन फडफडत होतं.

मोठ्या गोल चौकापाशी आक्काने "होऽऽ" केलं. मला काहीच दिसलं नव्हतं. तिला सर्जाच्या मागच्या पायाचं अडखळणं दिसलं होतं. ती उतरून पुढे गेली, सर्जाचा दोर सोडला. तो जागचा हलेना. गुणीच्या शेजारीच उभा, समोर बघत.

"मंदे, उतर," आक्का म्हणाली.

मी उतरले. तिने त्याला दोन्ही हातांनी कवटाळून उचलला, कोकरासारखा, आणि माझ्या जागी बसवला. अंगावरचा कोट काढून त्याच्याभोवती गुंडाळला. मला वाटलं, तो उडी मारेल. तो बसला. ताठ, कान उभे, गावचा पाटील देवदर्शनाला निघाल्यासारखा.

गोल चौकात डावीकडचा पहिला रस्ता घराकडे जातो. आता "आत" म्हणायचं होतं. गुणीनेही तिकडे तोंड केलं होतं.

"भाईर," आक्का म्हणाली.

गाडी गोल फिरली. मी चौकाच्या कडेला बर्फात उभी राहून बघत होते. पळताना ही कुत्री कधी आवाज करत नाहीत, पाचही गप पळत होती. पण गाडीत बसलेल्याने मान वर केली आणि तो गायला लागला, तोच लांब, खोल सूर. घराचा रस्ता पुन्हा आला.

"मंदे, घरला जा, चा टाक!" आक्का माझ्या समोरून जाताना ओरडली. "भाईर!"

मी हलले नाही. ती पुन्हा फिरून आली.

"साखर जास्त!" ती ओरडली. "भाईर!"

मग तिसरी फेरी. नऊवारी आणि रबरी बूट, पाठीवर सुटलेली वेणी, अंगावर कोट नाही. घराचा रस्ता आला तेव्हा गुणीने वळून आक्काकडे पाहिलं. आक्काने नुसता हात केला, भाईर, आणि सर्जाचं गाणं ऐकत तिची गाडी चौकाच्या पलीकडे गेली.